नुसती पोच

आमच्या भागात त्या विहिरीच्या ज्या हकीकती सांगितल्या जातात, त्यांपैकी एकही मला मान्य नाही. हट्टी म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती मी कधी नाकारलेली नाही. परंतु ज्यांनी त्या जमिनीखाली एकदाही पाऊल ठेवले नाही, ज्यांनी तो कागद हातात धरला नाही, त्यांनी मला काय घडले ते समजावून सांगावे, हे मी या वयात ऐकून घेणार नाही. चौकशीच्या अहवालात लिहिले आहे की माझ्या जुन्या चेनमनने कोणाचाही सल्ला न घेता, स्वतःच्या जबाबदारीवर विहिरीची जागा दाखवली आणि तिथेच जमीन खचून तो गेला. त्याच्या तांड्यात म्हणतात की त्याने मनमानी केली आणि तांड्याचे पाणी घालवले. माझी मुलगी म्हणते की चूक यंत्राची होती. या तिन्ही हकीकतींत मी निर्दोष सुटतो. त्या मला मान्य नसण्याचे कारण तेच आहे.

वणीच्या पट्ट्यातील एका भूमिगत खाणीत मी सर्वेक्षक होतो. कोळसा काढत काढत जमिनीखाली जे बोगदे पुढे सरकतात, त्यांची लांबी, दिशा आणि खोली मोजून नकाशावर आणणे हे माझे काम. आम्ही त्या बोगद्यांना गॅलरी म्हणत असू. मोजणीला दोन माणसे लागतात. एक दुर्बिणीपाशी, दुसरा फितीचे टोक धरून अंधारात पुढे. तो दुसरा माणूस म्हणजे चेनमन. माझा चेनमन बंजारा होता. त्याचा तांडा खाणीपासून सायकलीच्या अंतरावर. वयाने तो माझ्याहून लहान, तरी मी त्याला बापू म्हणत असे. तो मला साहेब म्हणे, निवृत्तीनंतरही, भर बाजारातही.

आमची एक रीत होती. फितीवरचा आकडा तो तिकडून ओरडून सांगे. मी तो इकडून परत म्हणे. मग तो ‘बराबर’ म्हणे, आणि तेव्हाच मी वहीत लिहीत असे. ‘बराबर’ आल्याशिवाय माझी पेन्सिल कागदाला लागली नाही. इतर सर्वेक्षक हसत. त्यांचे नकाशे आणि माझे नकाशे शेजारी ठेवून पाहावेत, एवढेच मी म्हणेन.

खाण बंद झाली, नकाशे दूरच्या कचेरीत गेले. आता कोणाला शेतात विहीर घ्यायची, घराचा पाया खणायचा, तर खाली पोकळ आहे की भरीव, हे विचारायला त्या कचेरीला लिहायचे आणि महिनोन्‌महिने वाट पाहायची. माझ्याकडे माझ्या मोजणीच्या वह्या होत्या. लोक माझ्याकडे येऊ लागले. मी त्यांना सांगून ठेवले की तोंडी मी काही सांगणार नाही. नोकरीत एकदा माझे तोंडी बोलणे एका वरिष्ठाने सभेत साफ उलटवले होते. तेव्हापासून मी बोलणे सोडले आणि लिहिणे धरले. मुलीने संगणक आणून दिला, ईमेलचा पत्ता काढून दिला. लोक ग्रामपंचायतीच्या संगणकावरून, कोणी मोबाईलवरून लिहीत. गट क्रमांक, चतुःसीमा, जवळचे झाड, जवळचा रस्ता. मी वह्या काढून बसे.

माझ्या उत्तराची पद्धत नीट सांगितली पाहिजे, कारण सारे तिच्यावर आहे. हरकत असेल, म्हणजे खाली जुनी गॅलरी असेल, तर मी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सविस्तर लिहीत असे. कोणत्या झाडापासून किती अंतर, किती खोलीवर, सोबत हाताने काढलेला आराखडा. हरकत नसेल तर मी एकच ओळ लिहीत असे. ‘आपले पत्र मिळाले.’ खाली सही. निवृत्त माणसाला परवानगी देण्याचा अधिकार नाही, म्हणून ‘खोदा’ हा शब्द मी कधीही लिहिला नाही. उद्या काही झाले तर माझ्या अक्षरात कोणाला काही सापडले नसते. या व्यवस्थेचा मला अभिमान होता.

लोकांना ती समजावून सांगण्याचे काम बापू करी. एकदा राजूरच्या रस्त्यावरचा एक शेतकरी माझ्या ओसरीवर आला. बापू तिथेच बसलेला होता. शेतकऱ्याच्या हातात माझ्या उत्तराचा छापील कागद.

“साहेबानं तं फकत पत्र भेटलं म्हणून लिवलं,” तो म्हणाला. “मंग खोदू का नको खोदू?”

“अरे, साहेबाले काही बोचत असतं तं तुले दोन पानं आली असती,” बापू म्हणाला. “नुसती पोच आली ना? मंग लाव कुदय.”

“मंग साहेब तसं काहून नाही बोलत?”

“साहेब बोलत नाही, साहेब लिवते. आन साहेब जे लिवत नाही ना, तेच कामाचं असते.”

शेतकरी हसला. मीही हसलो. मी ‘असे नाही’ म्हणालो नाही. चौकशी अधिकाऱ्यांना मी पुढे सांगितले की असा कोणताही नियम मी केलेला नव्हता. शब्दशः ते खरे आहे. तो नियम बापूने केला होता, माझ्या ओसरीवर, माझ्या देखत.

मग मोतीबिंदू. सर्वेक्षकाचा डोळा म्हणजे काय, हे इतरांना कळणार नाही. दुर्बिणीतून केसाएवढी रेघ मी एका झटक्यात अंकावर बसवत असे. तोच डोळा दुधाळ झाला, वहीतले इंग्रजी तीन आणि आठ सारखे दिसू लागले, आणि मी हे कोणाला सांगितले नाही. बापूलाही नाही. शेवटी मुलगी नागपूरहून मला न्यायला आली. चैत्रातले दिवस, सकाळी दहालाच अंगण तापलेले. निघण्यापूर्वी ती माझ्या संगणकापाशी बसली.

“बाबा, डॉक्टरांनी आठ-दहा दिवस स्क्रीन बघायला मनाई केली आहे. मेल आले तर?”

“आले तर येऊन पडतील.”

“लोक वाट बघत बसतात. आपोआप उत्तर जाईल असं लावून देते. माझ्या ऑफिसात सगळेच लावतात सुट्टीवर जाताना.”

तिने मला ती सोय दाखवली. पहिला दिवस कोणता, शेवटचा दिवस कोणता, विषय, आणि खाली मजकुराची रिकामी चौकट. या काळात जो कोणी लिहील त्याला हा मजकूर यंत्र परस्पर पाठवील. तिने भराभर लिहिले आणि मला वाचून दाखवले. माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया असल्यामुळे मी नागपूरला आहे. अमुक तारखेपर्यंत मेल वाचू शकणार नाही. तातडीचे काम असल्यास मुलीच्या फोनवर बोलावे. हे उत्तर आपोआप पाठवले गेले आहे.

“डोळ्याचे काढून टाक,” मी म्हणालो.

“काहून? मोतीबिंदूची लाज वाटते का?”

“माझे डोळे हा गावाच्या चर्चेचा विषय नाही.”

“बरं. मी नागपूरला आहे, एवढं ठेवते.”

“नागपूरला कशासाठी, हे विचारायला दहा जण येतील. काढ.”

“फोन नंबर?”

“फोनवर मी कोणाला काही सांगत नाही. तूही सांगायचे नाहीस.”

“मग शेवटची ओळ तरी असू द्या. आपोआप गेलेलं आहे म्हणून कळायला पाहिजे ना समोरच्याला.”

“माझ्या सहीवर यंत्र बोलते, हे मीच जाहीर करू?”

तिने एकेक ओळ पुसली. चौकटीत उरले ते एवढेच. आपले पत्र मिळाले. खाली माझी सही. तिने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“बाबा, हे तर तुम्ही रोज लिहिता तेच झालं.”

“म्हणूनच कोणाला काही वेगळे वाटणार नाही.”

“तुमच्यापुढे कोण डोकं फोडणार,” ती म्हणाली आणि तिने ते जतन केले.

ती आज सर्वांना सांगते की तिने मला एकदा बजावले होते. हे चूक आहे. तिने मला दोनदा बजावले. दुसऱ्यांदा नागपुरात, शस्त्रक्रियेच्या तिसऱ्या दिवशी, मी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून तिच्या बाल्कनीत बसलो होतो तेव्हा. “बाबा, मेल बघून वाचून दाखवू का? कोणाचं महत्त्वाचं असेल,” असे तिने विचारले. “मला कोण महत्त्वाचे लिहिणार आहे,” असे मी म्हणालो. तिला हे आठवत नाही. मला आठवते, कारण बापूचे पत्र तेव्हा माझ्या पेटीत येऊन दोन दिवस झाले होते.

ते पत्र आता मला पाठ आहे. बापूला संगणक येत नसे. ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरने ते त्याच्या तोंडून ऐकून जसेच्या तसे टाइप केले होते.

‘साहेबांस नमस्कार. तांड्याच्या पश्चिमेले मोठ्या पळसाखाली पंचायतीची विहीर घ्याची आहे. माह्या आठवणीत तिकडं काही काढलं नाही. पण माय वारली तवा मी तेरा दिवस कामावर नव्हतो. त्या दिवसांत तिकडं गॅलरी गेली असन तं कळवा. तुमची पोच आल्याबिगर हात लावत नाही.’

तो अनेक वर्षे त्याच खाणीत उतरत होता, त्याला स्वतःला कळायला हवे होते, असे सुज्ञपणे सांगणारे लोक आहेत. त्यांना मी माझी वही दाखवायला तयार आहे. पळसाखालची ती गॅलरी नेमकी त्या तेरा दिवसांत पुढे गेली. त्या पानांवर चेनमन म्हणून दुसऱ्याच माणसाची आद्याक्षरे आहेत. बापूला काय ठाऊक नाही, हे बापूला ठाऊक होते. तेच त्याने विचारले. मोजणीच्या कामात याहून नेमका प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. त्याचे उत्तर जिवंत माणसांपैकी एकट्या मला देता आले असते.

उत्तर मिनिटाच्या आत गेले. ऑपरेटरने मला पुढे सांगितले, “काका हसले हो साहेब. म्हणाले, साहेब आज संगणकापाशीच बसून हायेत वाटते. प्रिंट काढून दे म्हणाले, आन घडी घालून खिशात ठेवलं.”

तरीही तो दोन दिवस थांबला. हरकत असेल तर साहेबाचे दुसरे पत्र येते, म्हणून. दोन्ही दिवशी तो पंचायतीत जाऊन काही आले का, ते विचारून गेला. मनमानी करणारा माणूस असा वागत नाही. चौथ्या दिवशी खोदणारे यंत्र आले. दीड पुरुष खोली झाल्यावर, माती कशी लागते ते पाहायला बापू खाली उतरला आणि त्याच्या पायाखालचा तळ गेला. मी तिथे नव्हतो. जे मी पाहिले नाही ते मी लिहीत नाही. आणि जे तिथे होते ते त्याविषयी माझ्यासमोर बोलत नाहीत.

मी परतल्यावर आठवडाभराने चौकशी अधिकारी माझ्याकडे आले. सभ्य गृहस्थ, माझ्या मुलीच्या वयाचे. त्यांनी टेबलावर प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात एक कागद ठेवला. चार घड्यांचा, कडांना पिवळी माती सुकलेली. नव्या डोळ्याने जग फार स्वच्छ दिसते. पांढरा रंग निळसर भासतो, भिंतीवरची जुनी खिळ्यांची भोकेही दिसतात. डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिल्यानंतर मी नीट वाचलेली पहिली ओळ ती होती. आपले पत्र मिळाले. एकही अक्षर पुसट नव्हते.

“हे तुम्ही पाठवलं होतं का, सर?”

“माझ्या अनुपस्थितीत यंत्राने पाठवले.”

“खोदायची परवानगी दिली होती?”

“मी आजवर कोणालाही परवानगी दिलेली नाही. मला तसा अधिकार नाही.”

“पण पोच आली म्हणजे हरकत नाही, असं लोक समजत होते म्हणे.”

“असा कोणताही नियम मी केलेला नाही.”

“म्हणजे त्यांनी सल्ला न घेताच खोदकाम करवलं, असं म्हणता येईल.”

मी काही बोललो नाही. त्यांनी लिहून घेतले. खाली मी सही केली. आणि ती सही माझी होती, यंत्राची नव्हती. माझ्या जबाबातले एकही वाक्य खोटे नाही. मी अनेकदा ते तपासले आहे. खोटे न बोलता एका मेलेल्या माणसावर दोष कसा ठेवावा, हे शिकायचे असेल त्याने तो जबाब वाचावा.

त्यानंतरच्या दिवसांविषयी मी थोडेच लिहीन. दुपारी घरात कोणी नसे. एकदा मागच्या खोलीला पडदा लावायचा म्हणून मी फीत काढली, तिचे टोक खिडकीच्या खिळ्याला अडकवले आणि ताण देत मागे आलो. आकडा सवयीने मोठ्याने म्हणालो आणि थांबलो. पलीकडून ‘बराबर’ यायचे होते. फीत ताणलेली होती, जशी माणसाने धरल्यावर असते तशी, किंचित थरथरत. मी किती वेळ उभा राहिलो ते मला सांगता येणार नाही. मान भरून आली होती आणि दारातले ऊन भिंतीवर चढले होते. ती फीत मी खिळ्यावरून काढली नाही. माझ्या हातून तिची कळ सुटली तेव्हा ती आपोआप गुंडाळत गेली आणि टोक फरशीवर घासत माझ्याकडे आले. त्या खोलीत मी अजून जात नाही. माझ्या घराखाली कोणतीही गॅलरी नाही, हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही. तरी चालताना मी काठीने फरशी ठोकून पाहतो.

पावसाळ्याआधी बापूची बायको एसटीने वणीला आली आणि माझ्या ओसरीवर येऊन बसली. मी खुर्ची दिली, ती खालीच बसली. मी तिला वहिनी म्हणतो. तिने पाणी घेतले, पदराने तोंड पुसले.

“साहेब, एकच इचाराले आली,” ती म्हणाली. “त्याईनं तुमाले इचारलं होतं का नोतं?”

“विचारले होते.”

“मंग लोक काहून म्हणतेत, आपल्या मनानं केलं म्हणून? टँकरवर गेली का बाया मले मागं सारतेत. म्हणतेत, तुह्या नवऱ्यानं विहीर गिळली, आता तू कायचं पाणी मांगतं.”

“अहवालात तसे लिहिले आहे, वहिनी.”

“अहवाल कोनं लिवला?”

“चौकशीच्या अधिकाऱ्यांनी.”

हेही शब्दशः खरे. मग तिने फुलपात्र उपडे ठेवले, “बरं, येतो,” म्हणाली आणि गेली. तिच्या तांब्याभर पाण्याशी माझ्या जबाबाचा संबंध आहे, हे मला त्या दिवशी कळले. त्यापूर्वी दोष ही माझ्या दृष्टीने कागदावरची गोष्ट होती.

मी दुसरा जबाब लिहिला. त्यात मी काय वगळले होते ते सारे घातले: पोच आणि हरकतीची पद्धत, माझ्या ओसरीवरचे ते बोलणे, मुलीने लिहिलेल्या आणि मी पुसायला लावलेल्या ओळी. आणि एक गोष्ट, जी मी मुलीलाही सांगितलेली नाही. ती ‘हे तर तुम्ही रोज लिहिता तेच झालं’ असे म्हणाली, तेव्हा माझ्या मनात आले होते की या ओळीचा अर्थ लोक ‘हरकत नाही’ असा घेतात. स्पष्ट आले होते. क्षणभर थांबलोही होतो. मग मी विचार केला की आठ दिवसांत कोण लिहितो. आणि डोळ्याचा बोभाटा होण्यापेक्षा हे बरे. मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर मी इतरांच्या हकीकती मान्य केल्या असत्या.

जबाब पाठवून पंधरा दिवस झाले. मग त्या गृहस्थांचा फोन आला.

“सर, ते प्रकरण आता बंद झालं आहे. वर पाठवलं सुद्धा.”

“मग ते उघडा. मूळ जबाब अपुरा होता.”

“तुम्ही निवृत्त आहात, सर. तुमच्या सल्ल्याला तसाही अधिकृत दर्जा नव्हता. दिला काय, नाही दिला काय, निष्कर्ष तोच राहतो.”

“माझ्या सल्ल्याला दर्जा नव्हता, तर पहिला जबाब लिहून कशाला घेतला?”

“रीत असते, सर. तुम्ही तब्येतीला जपा.”

कागदाने माझे ऐकायचे नाकारले, तेव्हा मी एसटीत बसलो. गुरुवारी सकाळी तांड्यावर टँकर येतो. मी पोहोचलो तेव्हा बायांची रांग लागलेली होती. हंडे, घागरी, रंगाचे रिकामे डबे. वहिनी शेवटून दुसरी. बापूचा धाकटा भाऊ तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, आहे. तो टँकरच्या नळापाशी उभा होता. त्याने माझ्यासाठी खाट मागवली.

“साहेब, तुमी उन्हात काहून आले? निरोप धाडला असता तं मीच आलो असतो.”

“बसायला आलो नाही,” मी म्हणालो. “बोलायला आलो आहे.”

तांड्यासमोर काय बोलायचे ते मी लिहून नेले होते. कागद खिशातच राहिला. मी म्हणालो की बापूने मला पत्र लिहून विचारले होते. पळसाखाली पोकळ आहे हे मला ठाऊक होते आणि मी कळवले नाही. माझ्या सहीने जे गेले, त्यावर विसंबून त्याने जागा दाखवली. तो नियमाने वागला. चूक त्याची नाही, माझी आहे.

“मशीननं पाठवलं म्हणतेत ना, साहेब,” नायक म्हणाला. “तुमी तं दवाखान्यात होते.”

“मशीनला मी सांगितले तेवढेच त्याने पाठवले.”

“तुमचं मन मोठं हाय. भाऊ गेला म्हणून तुमाले लागलं.”

“माझ्या मनाचा प्रश्न नाही. काय झाले ते सांगतो आहे.”

रांगेतली एक म्हातारी, डोक्यावर हंडा तसाच धरून, पुढे आली. तिला तांड्यात सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. ती म्हणाली, “मंग तवा काहून नाही सांगतलं, जवा साहेब लोक लिवून घ्याले आलते?”

तिला द्यायला माझ्याकडे नेमके, शब्दशः खरे असे बरेच काही होते. मी म्हणालो, “भ्यालो होतो.”

टँकरवाल्याने हॉर्न दिला. वहिनी तिच्या जागेवरून माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला जे वाचायचे होते ते तिथे नव्हते. ती म्हणाली, “साहेब, बाजूले व्हा जरासे. पाणी भरू द्या.” मी बाजूला झालो. रांग सरकली. तिला कोणी पुढे घेतले नाही. मात्र त्या सकाळी कोणी मागेही सारले नाही. मी शेवटचा हंडा भरेपर्यंत उभा राहून ते पाहिले.

आता चौथी हकीकत निघाली आहे. एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, माझ्या मुलीच्या कानांपर्यंतही ती गेली. म्हाताऱ्या सर्वेक्षकाच्या डोक्यावर परिणाम झाला, चेनमनच्या दुःखाने तो स्वतःवर आळ घेत फिरतो. नायक हे कळवळ्याने सांगतो. त्यामुळे माझे बोलणे वजा होते आणि बापू पुन्हा मनमानी करणारा ठरतो. टँकरवर वहिनीला पुन्हा कोणी काही बोलले, असे मला ऑपरेटरने कळवले आहे. मुलगी म्हणते, नागपूरला येऊन राहा, एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवू.

माझे डोके शाबूत आहे. पळसापासून गॅलरीचे अंतर, तिची खोली, तिची दिशा मी वही न उघडता सांगू शकतो. ज्याला शंका असेल त्याने विचारावे, मी आता तोंडीही सांगतो. गेल्या तीन गुरुवारी मी तांड्यावर गेलो आहे आणि प्रत्येक वेळी तेच, त्याच क्रमाने सांगितले आहे. लोक ऐकून घेतात, चहा देतात, सावलीत बसवतात आणि एकमेकांकडे पाहतात. मागच्या वेळी वहिनीने विचारले, “साहेब, किती दिवस येसान?” मी म्हणालो, मान्य होईपर्यंत. तिने हंडा उचलून डोक्यावर घेतला आणि वाट चढू लागली, आणि मी एसटीची वेळ होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.